समीकरणाची शिडी : अल्-ख्वारिझ्मी ते गाल्वा

आपल्या समाजाच्या कोणत्याही शैक्षणिक मेळाव्याला जा, भाषणात एक वाक्य हमखास ऐकू येते : बीजगणित ही मुसलमानांनी जगाला दिलेली देणगी आहे. टाळ्या पडतात आणि वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मीही हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. एकदा दहावीच्या वर्गावर बदलीच्या तासाला गेलो, तेव्हा फळ्यावर वर्गसमीकरणाचे सूत्र तसेच राहिले होते. आयतीच संधी मिळाली म्हणून मी बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, दुसऱ्या घाताचे सूत्र पुस्तकात आहे. मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या घाताची सूत्रे का नाहीत? ती कोणी शोधलीच नाहीत का?"

मी निरुत्तर झालो. "उद्या सांगतो," म्हणालो खरा. पण तो 'उद्या' उजाडायला कित्येक महिने गेले. मी गणिताचा पदवीधर नाही. गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना छळून आणि ग्रंथालयातून पुस्तके आणून जे हाती लागले, ते या लेखात मांडत आहे. मुलीचा प्रश्न लहान होता. त्याचे उत्तर मिळायला जगाला मात्र हजार वर्षे लागली.

बगदादमध्ये घातलेली पहिली पायरी

खलिफा अल्-मामून याच्या कारकीर्दीत, इ. स. ८२० च्या सुमारास, मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी याने 'अल्-जब्र वल्-मुकाबला' या विषयावर ग्रंथ लिहिला. 'जब्र' म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. समीकरणाच्या एका बाजूला जे वजा झालेले असते, ते दुसऱ्या बाजूला भरून घ्यायचे, हा त्याचा अर्थ. याच शब्दापासून युरोपीय भाषांतला 'अल्जिब्रा' शब्द झाला आणि लेखकाच्या नावापासून 'अल्गोरिदम' हा शब्द झाला. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर याने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले.

त्यातले प्रसिद्ध उदाहरण पाहा. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? अल्-ख्वारिझ्मी एक चौरस काढतो. त्याच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीच्या पट्ट्या जोडतो. कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी राहते. ती २५ ने भरतो. ३९ आणि २५ मिळून ६४ झाले. म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून ५ गेले, उत्तर ३. पडताळा घ्या : ९ आणि ३० मिळून ३९. गणित एका वर्गमुळात सुटले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. असे नियम केवळ बगदादलाच माहीत होते, असे नाही. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये वर्गसमीकरणाचा नियम दिला होता. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा १२०७ मधला शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्या 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी याने केले. हा ताजमहालचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. सांगायचे इतकेच, की ज्ञानाच्या या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण हे वेळोवेळी बदलत आले आहे.

खय्यामची आशा

तिसऱ्या घाताचे काय? 'रुबाया'मुळे जगाला ठाऊक असलेला उमर खय्याम (१०४८–११३१) हा मुळात मोठा गणिती होता. त्याने घनसमीकरणांचे सर्व प्रकार पद्धतशीर मांडले आणि वक्ररेषा एकमेकींना जेथे छेदतात तेथून त्यांची उत्तरे काढून दाखवली. मात्र वर्गसमीकरणाला जसा आकडेमोडीचा नियम आहे, तसा नियम त्याला घनसमीकरणासाठी सापडला नाही. ते त्याने लपवले नाही. आपल्यानंतर येणाऱ्या कोणाला तरी कदाचित तो सापडेल, अशी आशा त्याने लिहून ठेवली. मला या माणसाचा मोठेपणा त्याने सोडवलेल्या गणितांइतकाच या कबुलीत दिसतो.

आशा फळाला आली ती सुमारे चारशे वर्षांनी, इटलीत. बोलोन्याच्या देल फेर्रो याने एका प्रकारच्या घनसमीकरणाची रीत शोधली आणि ती गुपित ठेवली. १५३५ मध्ये तार्ताल्याने स्वतंत्रपणे ती शोधली. १५४५ मध्ये कार्दानो याने 'आर्स माग्ना' या ग्रंथात घनसमीकरणाची रीत छापली आणि त्यावरून तार्ताल्याशी त्याचे मोठे भांडण जुंपले. त्याच ग्रंथात चौथ्या घाताची रीतही होती. ती शोधणारा फेर्रारी हा कार्दानोच्या घरी वयाच्या चौदाव्या वर्षी नोकर म्हणून आलेला मुलगा होता. धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्याला शिकवले, म्हणून हे घडले.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे : तिसऱ्या आणि चौथ्या घाताची सूत्रे आहेत, ती लांबलचक असल्यामुळे शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. उरलेल्या अर्ध्या उत्तराची गोष्ट निराळी आहे.

पाचव्या घाताचा दरवाजा

१५४५ नंतर सव्वादोनशे वर्षे थोर गणिती पाचव्या घाताच्या दरवाजावर धडका देत राहिले. १७७०-७१ मध्ये लाग्रांझ याने थांबून वेगळाच प्रश्न विचारला : आधीची सूत्रे चालली तरी का? त्याला दिसले, की त्यांचे मर्म उत्तरांच्या अदलाबदलीत आहे. समीकरणाला जितका घात, तितकी त्याची उत्तरे. त्यांना मुळे म्हणतात. ही मुळे आपापसांत जागा बदलतात तेव्हा काय बदलते आणि काय तसेच राहते, हे पाहायचे.

१७९९ मध्ये इटलीच्या रुफिनीने पाचव्या घाताला सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, असे प्रतिपादन केले. पण त्याच्या सिद्धतेत एक उणीव राहिली. १८२४ मध्ये नॉर्वेच्या नील्स आबेलने ती गोष्ट सिद्ध केली. छपाईचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा होता, म्हणून त्याने अवघी सिद्धता सहा पानांत कोंबली. गरिबी आणि क्षय यांनी ६ एप्रिल १८२९ रोजी त्याचा बळी घेतला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. बर्लिनमध्ये त्याच्या नोकरीची व्यवस्था झाल्याचे पत्र लिहिले गेले ते त्यानंतर दोन दिवसांनी!

आता प्रश्न उरला असा : पाचव्या घाताची काही समीकरणे सुटतात आणि काही सुटत नाहीत, तर ती ओळखायची कशी? हे कोडे एव्हारीस्त गाल्वा नावाच्या फ्रेंच विद्यार्थ्याने सोडवले.

बाकावरची चार मुले

गाल्वाची कल्पना शाळेच्या भाषेत सांगून पाहतो. एका बाकावर चार मुले बसली आहेत. ही आपल्या चौथ्या घाताच्या समीकरणाची चार मुळे. ती २४ प्रकारे जागा बदलू शकतात. एक बदल केला आणि त्यावर दुसरा केला, तर होणारा परिणामही त्या २४ पैकीच एक असतो. शिवाय प्रत्येक बदल उलट फिरवता येतो. अशा समूहाला गणितात 'गट' म्हणतात. गटाच्या पोटात जो लहान गट असतो, तो 'उपगट'.

आता फक्त दुहेरी अदलाबदली घ्या : पहिला-दुसरा आणि त्याच वेळी तिसरा-चौथा, किंवा पहिला-तिसरा आणि दुसरा-चौथा, किंवा पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा. या तीन आणि 'काहीच न बदलणे' ही चौथी मिळून चारांचा उपगट होतो. तुम्ही मुलांना नवे क्रमांक वाटले, तरी या तीन अदलाबदली एकमेकींची जागा घेतील, पण चारांचा तो संच तोच राहील. मोठ्या गटाने कसेही हलवले तरी जो उपगट अभंग राहतो, त्याला 'प्रसामान्य' उपगट म्हणतात.

आणखी खाली उतरू. 'काहीच न बदलणे' आणि 'पहिला-दुसरा, तिसरा-चौथा' या दोघांचाच उपगट घ्या. २४ च्या मोठ्या गटात हा प्रसामान्य नाही. क्रमांक बदलले की त्याची दुसरीच जोडी होते. परंतु चारांच्या गटापुरते पाहिले, तर तो अभंग राहतो. म्हणजे दोघांचा उपगट चारांत प्रसामान्य, आणि चारांचा चोविसांत प्रसामान्य. पण दोघांचा चोविसांत थेट प्रसामान्य नाही. अशा पायरीपायरीने वरपर्यंत जोडलेल्या उपगटाला 'उपप्रसामान्य' म्हणतात.

चौथ्या घाताची पूर्ण शिडी अशी आहे : २४, १२, ४, २, १. प्रत्येक खालचा गट लगेच वरच्यात प्रसामान्य. शेजारशेजारच्या आकड्यांचा भागाकार करा : २, ३, २, २. या अविभाज्य संख्यांचा अर्थ असा, की चौथ्या घाताचे समीकरण सोडवायला एक वर्गमूळ, एक घनमूळ आणि पुन्हा दोन वर्गमुळे लागतात. फेर्रारीच्या रीतीचे सारे रहस्य या चार आकड्यांत आहे. ज्या सान्त गटाला अशी अविभाज्य टप्प्यांची, अगदी तळापर्यंत पोचणारी शिडी असते, त्याला 'सोडवता येणारा गट' म्हणतात. समीकरण सुटते ते त्याचा गट सोडवता येणारा असेल तरच, हा गाल्वाचा सिद्धांत.

आता बाकावर पाच मुले बसवा. १२० बदल. पहिली पायरी ६० ची. तेथवर शिडी ठीक आहे. पण या ६० च्या गटात, एकट्या 'काहीच न बदलणे' याखेरीज, लहान असा एकही प्रसामान्य उपगट नाही. ६० वरून खाली पायरीच नाही! म्हणूनच पाचव्या घाताला सर्वसाधारण सूत्र नाही. 'पाचव्या घातातून ती संख्या वजा केली तर १ उरतो' हे साधे दिसणारे समीकरण घ्या. त्याचे एक उत्तर सुमारे १.१६७ आहे, दशांशात हवे तितके अचूक काढता येते. मात्र बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे यांनी ते कधीच लिहिता येणार नाही. कोणाची बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. शिडीच नाही म्हणून. 'हे होणार नाही' असे सिद्ध करणे हेसुद्धा ज्ञानच आहे, हे मला येथे प्रथम समजले.

परीक्षक आणि शिक्षक

हे सारे शोधणाऱ्या गाल्वाचे आयुष्य पाहा. जन्म २५ ऑक्टोबर १८११, पॅरिसजवळच्या एका गावी. वडील त्या गावचे नगराध्यक्ष. एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तो १८२८ मध्ये नापास झाला. जुलै १८२९ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो त्याच परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. १८२९ मध्ये त्याचे लेखन विज्ञान अकादमीत कोशी याच्याकडे गेले, पण ते छापले गेले नाही. १८३० मध्ये पाठवलेला प्रबंध सचिव फूर्ये यांच्या निधनानंतर गहाळ झाला. १८३१ मध्ये तिसऱ्यांदा पाठवला. प्वासाँ या परीक्षकाने मांडणी पुरेशी स्पष्ट नाही म्हणून तो परत केला. दरम्यान राजकीय चळवळीमुळे गाल्वाला तुरुंगवास घडला. २९ मे १८३२ च्या रात्री त्याने मित्र ऑग्यूस्त शव्हाल्ये याला पत्र लिहून आपले शोध थोडक्यात सांगितले. दुसऱ्या दिवशी द्वंद्वयुद्धात त्याला गोळी लागली आणि ३१ मे रोजी त्याने प्राण सोडला. वय वर्षे २०.

त्याचे लेखन छापून आले १८४६ मध्ये, ल्यूव्हील या गणितज्ञाने वाचले आणि समजून घेतले तेव्हा. कामिय झॉर्दां याने १८७० मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहून जगाला तो शिकवला. गटातून कोणत्याही वाटेने उतरा, शेवटपर्यंत गेलात तर पायऱ्यांचे आकडे तेच येतात, हे झॉर्दांने दाखवले. ते आकडेच नव्हेत तर पायऱ्यांची घडणही तीच असते, हे १८८९ मध्ये होल्डरने सिद्ध केले.

पुढे ही शिडीच अभ्यासाचा विषय झाली. १९०४ मध्ये बर्नसाइडने सिद्ध केले, की गटाच्या संख्येला फक्त दोनच अविभाज्य विभाजक असतील, तर तो गट सोडवता येतोच. १९२८ मध्ये फिलिप हॉलने आणखी एक गोष्ट दाखवली. सोडवता येणाऱ्या गटाच्या संख्येचे, एकमेकींशी सामाईक विभाजक नसलेल्या दोन संख्यांत अवयव पाडले, तर त्या प्रत्येक संख्येइतका उपगट आत असतोच. २४ म्हणजे ८ गुणिले ३. तेथे ८ चाही उपगट आहे आणि ३ चाही. आपल्या हट्टी ६० मध्ये मात्र १५ चा उपगट सापडत नाही. १९३९ मध्ये जर्मनीच्या व्हीलांटने उपप्रसामान्य उपगटांचा सिद्धांत उभा केला. सान्त गटात असे दोन उपगट एकत्र आणले, तर त्यांच्या मिलाफातून होणारा उपगटही उपप्रसामान्यच राहतो, हे त्याने दाखवले. १९६३ मध्ये फाइट आणि टॉमसन यांनी २५५ पानांत सिद्ध केले, की विषम संख्येचा प्रत्येक गट सोडवता येतो. ती सिद्धता २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने पायरी पायरी तपासून पूर्ण झाली.

या साऱ्या नावांत एक नाव मुद्दाम मागे ठेवले होते. लुई-ल-ग्रां या शाळेत गाल्वाला गणित शिकवणारे रिशार नावाचे शिक्षक होते. गणितात त्यांच्या नावावर कोणताही मोठा शोध नाही. पण इतर शिक्षक ज्याला विक्षिप्त म्हणत, त्या मुलाची असामान्य बुद्धी त्यांनी ओळखली. त्याच्या वर्गातल्या वह्या त्यांनी रद्दीत न देता जपून ठेवल्या. पुढे त्यांच्याच वर्गात शार्ल एर्मीत नावाचा आणखी एक हुशार विद्यार्थी आला. रिशार यांनी त्या वह्या त्याच्या हवाली केल्या. १८५८ मध्ये त्याच एर्मीतने, वर्गमूळ-घनमुळांची वाट बंद असल्यामुळे, निराळ्या उच्च फलांच्या साहाय्याने पाचव्या घाताचे समीकरण सोडवून दाखवले!

वाचकहो, परीक्षकांनी तीनदा नाकारलेला मुलगा इतिहासात राहिला, याला ल्यूव्हीलसारखे विद्वान कारण झाले, हे खरे. पण त्याच्या आधी एका शाळामास्तराने वह्या जपल्या होत्या.

म्हणून आपल्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला. आपल्या संस्थेत येणारी कित्येक मुले त्यांच्या घरातली पहिलीच शिकणारी पिढी आहे. बाहेरच्या मोठ्या जगात ती थेट सामावत नाहीत. स्पर्धापरीक्षेत, मुलाखतीत ती गांगरतात. दोघांचा उपगटही चोविसांत थेट बसत नाही. मधला चारांचा गट त्याला आधार देतो, म्हणून तो वरपर्यंत जोडलेला राहतो. उपमा ही उपमाच असते, ती फार ताणू नये. तरीही शाळेने काय करायचे, हे मला याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही : मधली पायरी व्हायचे.

आणि 'बीजगणित आमचे' या वाक्याविषयी. अल्-ख्वारिझ्मीचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्याने घातलेली पायरी आज पुस्तकाच्या एका प्रकरणात मावते, आणि त्या प्रकरणात आपली मुले नापास होतात, हेही टाळ्या वाजवताना आठवावे. 'मला हे सापडले नाही, पुढच्यांना सापडो,' असे लिहिणारा खय्याम आपल्याकडून टाळ्यांची नव्हे, वह्या उघडण्याची अपेक्षा करतो.

त्या मुलीला मी शेवटी उत्तर दिले. बाकावर चार मुलांना बसवून जागा बदलायला लावल्या, मग पाचवीला बसवले. वर्गात बराच गोंधळ झाला. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, म्हणजे पाचव्या घाताचे सूत्र नाही, हे आता नक्की कळले. पण ज्यांचे सूत्र नाही अशा सगळ्यांची यादी करता येते का?"

मी पुन्हा म्हणालो, "उद्या सांगतो."